योसेफसची साक्ष व त्याच्या पोथ्या

लेखकाची निष्ठा संशयास्पद असल्यास त्याची साक्ष टाकून द्यावी काय, हा प्रश्न जुन्या कागदपत्रांच्या अभ्यासकास वारंवार पडतो. यहुदी इतिहासकार फ्लावियस योसेफस याचें उदाहरण या बाबतींत मननीय आहे.

योसेफस इ. स. ३७ च्या सुमारास यरुशलेम येथें याजककुळांत जन्मला. इ. स. ६६ त यहुद्यांनीं रोमविरुद्ध उठाव केला, तेव्हां गालील प्रांताच्या संरक्षणाचें काम त्याजकडे आलें. पुढील वर्षीं योतापाता दुर्ग पडला. गुहेंत लपलेल्या सोबत्यांनीं चिठ्ठ्या टाकून एकमेकांस मारिलें. हा मात्र वांचून शत्रूच्या स्वाधीन झाला. सेनापति वेस्पासियन सम्राट होईल हें त्याचें भाकित इ. स. ६९ त खरें ठरलें व त्याची सुटका झाली. इ. स. ७० त यरुशलेमचें मंदिर जळालें, त्या वेळीं तो रोमन छावणींत होता. स्वकीयांनीं त्यास फितूर ठरविलें. तथापि गुहेंतील हा लाजिरवाणा प्रसंग आपणांस कळतो तो त्याच्याच लेखणीनें, हें विसरूं नये.

रोम येथें राजाश्रयानें त्यानें 'यहुदी युद्ध' आणि इ. स. ९३-९४ च्या सुमारास वीस भागांचा यहुद्यांचा प्राचीन इतिहास लिहिला. युद्धग्रंथांत मसादा दुर्गावर ९६० जणांनीं प्राण दिल्याचें वर्णन आहे. १९६३ ते १९६५ च्या उत्खननांत तेथील राजवाडे व कोठारें आढळलीं. तितक्या माणसांचे अवशेष मात्र मिळाले नाहींत. म्हणजे स्थलवर्णन भरंवशाचें, आंकडे तपासून घेण्याजोगे.

दुसरी अडचण लेखकाची नसून लेखनिकांची आहे. हे ग्रंथ ख्रिस्ती लेखनिकांनीं जतन केले. प्राचीन इतिहासाच्या अठराव्या भागांत येशू हाच ख्रिस्त होता असें स्पष्ट वाक्य आहे. परंतु योसेफस तसें मानीत नव्हता, असें तिसऱ्या शतकांत ओरिजेन सांगतो. चौथ्या शतकांत युसेबियस मात्र तेंच वाक्य उतरून देतो. उपलब्ध ग्रीक पोथ्या त्यानंतर कित्येक शतकांच्या आहेत. दहाव्या शतकांतील अगापियसच्या अरबी ग्रंथांत तेंच विधान 'कदाचित्' या छटेनें येतें. याकडे श्लोमो पिनेस यांनीं १९७१ त लक्ष वेधिलें. मूळ उतारा योसेफसचा, कांहीं वाक्यें मात्र प्रक्षिप्त, असें अनेक विद्वान् मानितात.

आमच्या मतें ग्रंथकाराचा पक्षपात व लेखनिकाची भर हे दोन दोष निरनिराळे तोलावे. पहिल्यास बाह्य पुरावा लागतो, दुसऱ्यास पाठभेद. म्हणूनच एखादी पोथी अर्वाचीन व अशुद्ध दिसली तरी संग्राहकांनीं ती टाकूं नये; हरवलेला पाठ कदाचित् तींतच असेल.