पिंप ट्रॉलीत कसे चढवावे?

तेलाने भरलेले पिंप जमिनीवर आहे. वजन सुमारे २०० किलो. ट्रॉलीचा तळ जमिनीपासून १ मीटर उंच. आपण काय करतो? चार गडी बोलावतो आणि म्हणतो, "हं, उचला रे!" प्रत्येकाच्या वाट्याला ५० किलो येतात. त्यात पिंपाला धरायला मूठ नाही. एकाचा हात सुटला की सारा भार बाकीच्यांवर. कुणाच्या कमरेत उसण भरते, कुणाचा पाय पिंपाखाली सापडतो. पाय मोडला की दोन-तीन महिने मजुरी बंद.

यावर थोडे गणित करू. गुणाकार-भागाकार आला म्हणजे पुरे.

शास्त्रात 'काम' म्हणजे जोर गुणिले अंतर. २०० किलोचे पिंप सरळ १ मीटर वर न्यायचे, तर काम झाले २०० गुणिले १, म्हणजे २००. (शाळेच्या पुस्तकात काम ज्यूल या मापात मोजतात. १ किलो वजन १ मीटर उचलले की सुमारे १० ज्यूल काम होते. आपल्याला किलो आणि मीटर पुरेत.) आता गंमत पाहा. ओझे डोक्यावर घेऊन तासभर नुसते उभे राहिलात, तर ओझे वर गेले नाही, म्हणून शास्त्राच्या हिशेबी काम शून्य! घाम गाळणाऱ्याला हे पटायचे नाही. पण हिशेबाला ही रीत फार सोयीची आहे.

आता ट्रॉलीला ४ मीटर लांबीच्या दोन मजबूत फळ्या उतरत्या लावा. पिंप आडवे करून त्यांवरून वर लोटायचे. काम तेवढेच, २००. पण अंतर झाले ४ मीटर. मग जोर किती? २०० भागिले ४, म्हणजे ५० किलो. मघाशी चौघे लागत होते, आता एकाचाच वाटा उरला. फळ्या २ मीटरच्याच असतील तर? २०० भागिले २, म्हणजे १०० किलो. जोर वाचवायचा तर अंतर वाढवावे लागते. फुकट काही मिळत नाही. घाटातला रस्ता वळणे घेत चढतो, तो याचसाठी.

घर्षणामुळे जोर थोडा जास्तच लागतो. पिंप गोल आहे, ते लोळते, म्हणून घर्षण कमी. पोते फळीवरून ओढाल तर ते पुष्कळ होते.

पण लोटणारा पिंपाच्या खालच्या बाजूला असतो. हात निसटला तर पिंप त्याच्याच अंगावर येणार. म्हणून दोन दोर घ्या. दोघांचे एकेक टोक ट्रॉलीला पक्के बांधा. दोर फळीवरून खाली आणून पिंपाच्या दोन बाजूंना खालून घाला, वरून परत ट्रॉलीत घ्या. दोन गडी ट्रॉलीत उभे राहून दोर सारखे ओढतील. आता अर्धा भार बांधलेले टोक धरते. पिंप ४ मीटर चढायला दोर ८ मीटर ओढावा लागतो. २०० भागिले ८, म्हणजे २५ किलो. दोघांत साडेबारा-साडेबारा. पाण्याने भरलेल्या बादलीएवढा जोर!

फळ्यांची वरची टोके ट्रॉलीला बांधून घ्या. चाकांना दगड लावा. आणि पिंप वर चढत असताना खाली कुणालाही उभे राहू देऊ नका, पोरांना तर मुळीच नाही.