चौकट : ताबा सुटतोय हे कसं ओळखावं?

लैंगिक इच्छा जास्त असणं म्हणजे आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1 जानेवारी 2022पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात (आयसीडी-11) अनिवार लैंगिक वर्तनाची नोंद आहे, ती आवेगावर ताबा न राहण्याचा विकार म्हणून. खूण आहे ती ताबा सुटण्याची, आणि तीही सहा महिने किंवा जास्त काळ.

डोंबिवलीतला नोकरदार घरचे झोपल्यावर फोन घेऊन बाथरूममध्ये दोन-दोन तास बसतो, सकाळची लोकल चुकते, ॲपवर कर्ज काढून पैसे उडवतो. आनंद केव्हाच संपलेला असतो. ‘आजपासून बंद’ ही शपथ मात्र पुन्हापुन्हा मोडते. असं असेल तर मदत घ्यायलाच हवी. केवळ ‘हे पाप आहे’ या अपराधीपणामुळे होणारा त्रास मात्र या निदानात बसत नाही. हस्तमैथुनाच्या भीतीने खचलेल्या तरुणांसाठी हे कळणं फार मोलाचं आहे.

लोकलच्या डब्यातल्या ‘गुप्तरोग’वाल्या जाहिरातींच्या नादी लागू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडेच जा: यामागे कधी नैराश्य, कधी उन्माद, क्वचित कंपवाताची औषधंही असतात. उपचारात समुपदेशन मुख्य, गरजेनुसार औषधं. पत्नीला सोबत न्यायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 नुसार माहिती गोपनीय राहते.

ठाण्यात 1901पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्थाही आहे. आधी फक्त बोलायचं असेल, तर टेलि-मानस हेल्पलाइन: 14416. मोफत, चोवीस तास, मराठीतूनही.