नळीत मावणारा भुंगेरा

पावसाळ्यात महामार्गावरून सातिवलीला वळून तुंगारेश्वरच्या जंगलात शिरणाऱ्यांना धबधब्याची घाई असते. वाटेत पडलेल्या ओंडक्याकडे बघायला कुणाला वेळ नसतो. कुजत्या लाकडावर अर्धगोल, टणक अळंबी उगवते. जुन्या फणसावर येणारा फणसांबा याच जातकुळीतला. तान्ह्या मुलाची लाळ फार गळायला लागली की तो सहाणेवर उगाळून हिरड्यांना लावायची कोकणात रीत आहे. अशी अळंबी खालून पाहिली तर अंगभर बारीक छिद्रं दिसतात. एका मिलिमीटरात चार-पाचसुद्धा. प्रत्येक छिद्र म्हणजे एका उभ्या नळीचं तोंड. बीजाणू तिथूनच बाहेर पडतात.

जगातले सर्वांत लहान भुंगेरे अशाच नळ्यांत राहतात आणि बीजाणू खाऊन जगतात. 'नॅनोसेला' ही त्यांतली एक प्रसिद्ध प्रजाती. तिचा भाऊबंद 'सायडोसेला मुसावासेन्सिस' 1999 मध्ये निकाराग्वातल्या नमुन्यांवरून नोंदला गेला. पण विक्रम ठरायला नेमकी मापं हवीत. ती 2015 मध्ये रशियन कीटकशास्त्रज्ञ अलेक्सेई पोलिलोव यांनी कोलंबियातल्या अळंबीतले भुंगेरे घेऊन काढली. सर्वांत लहान भरला 0.325 मिलिमीटरचा. खसखशीच्या एका दाण्यावर असे तीन ओळीने मावतील! रुंदी जेमतेम 0.1 मिलिमीटर, नळीत शिरायचं तर अंग असंच सडपातळ हवं.

एवढ्याशा देहाला उडणं कसं जमतं? इतक्या लहान जिवाला हवा चिकट, दाट लागते. त्यामुळे पंखांना सलग पडदा नाही. मधे अरुंद दांडी आणि कडेने लांब केसांची झालर. व्हिएतनाममधल्या 0.395 मिलिमीटरच्या 'पॅराटुपोसा' या भुंगेऱ्याचं उडणं अतिवेगवान कॅमेऱ्यांनी टिपलं गेलं आणि 2022 मध्ये 'नेचर'मध्ये त्याचा उलगडा छापून आला. झालरीमुळे पंखाचं वजन घटतं, पंख इंग्रजी आठच्या आकड्यात फिरतात आणि वरची कठीण आवरणं अंगाचं हेलकावणं आवरतात. आपल्या तिप्पट मोठ्या कीटकांच्या वेगाने हा जीव उडतो.

काटकसर मात्र अंड्यात चालत नाही. अळीला लागणारा सगळा ऐवज आत हवा, म्हणून अंडं आईच्या मानाने अवाढव्य होतं. पोटात एका वेळी एकच मावतं.

तुंगारेश्वर अभयारण्य आहे, तिथली अळंबी ओरबाडू नये. वसईच्या वाडीत स्वतःचा फणस असेल तर फणसांब्याखाली पांढरा कागद धरून हलकेच टिचकी मारावी. खाली पडलेल्या भुकटीतला एखादा ठिपका चालू लागला, तर भिंग आणायला हरकत नाही.