वेलांटी आधी की नंतर

सकाळी ७:१५
बारामती स्टँडवरून इंदापूरची एसटी. आज भाचा बरोबर आहे. अभियांत्रिकीला शिकतो, सुट्टी होती म्हणून मदतीला निघाला. भवानीनगरपाशी उसाच्या ट्रॅक्टरांमागे गाडी रेंगाळली, निमगाव केतकी ओलांडून इंदापुरात पोचायला उशीर झाला.

९:१५
तहसील कचेरीपासून चार पावलांवर आमचं टायपिंगचं दुकान. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, झेरॉक्सचं मशीन. एका खुर्चीवर मी, दुसरीवर मामा. मामांचा हात गोदरेजच्या मराठी टाइपरायटरवर बसलेला. मशीन माळ्यावर गेलं तरी बोटं तीच राहिली, म्हणून त्यांच्या कॉम्प्युटरवर रेमिंग्टनची मांडणी ठेवली आहे.

पहिलंच काम जुन्या फाइलचं. एका संस्थेची नोटीस, जुन्या फॉन्टमधली. तो फॉन्ट आमच्याकडे नाही, त्यामुळे पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा काला. सगळी नोटीस नव्यानं टाइप केली, युनिकोडमध्ये.

१०:४५
मामांचा कॉम्प्युटर सुरूच होईना. समोर वारस नोंदीचे, फेरफाराचे अर्ज घेऊन माणसं उभी. मामा माझ्या खुर्चीवर बसले. माझी मांडणी इनस्क्रिप्ट. त्यांनी ‘किती’ लिहायला सवयीनं आधी वेलांटी मारली आणि पडद्यावर ठिपक्यांचं एक रिकामं वर्तुळ उमटलं, त्याला वेलांटी चिकटलेली.

“अगं, ही वेलांटी हवेत लटकली की!”

“मामा, आधी क मारा. वेलांटी मागून.”

“कागदावर वेलांटी कुठं असते? क च्या डावीकडं. मग ती आधी यायला नको? हे तर पोरालाही कळेल.”

“पण बोलताना आधी क येतो ना? इकार मागून येतो.”

रांगेतले दोघे-तिघे हसत पुढे सरकले. मामांनी दुसरं अस्त्र काढलं: “बरं, ‘कर्ज’ लिहून दाखव.” मी क, र, हलन्त, ज असं मारलं. मामा म्हणाले, “बघ. रफार बसतो ज च्या डोक्यावर, आणि तू तो ज च्या आधी मारलास. मी क मारतो, ज मारतो, मग त्याच्या डोक्यावर रफार ठेवतो. दिसतं तसं.”

इथे मला पहिल्यांदा नीट उमगलं. मामांचा कीबोर्ड डोळ्यांचा आहे, माझा कानाचा. त्यांच्या मशीनवर श किंवा भ एका बटणात येत नाही. आधी अर्धं अक्षर, मग काना. आपण हातानं लिहितो तसंच. दोन्ही पद्धतींना पक्का नियम आहे, आणि दोन्ही शिकल्याशिवाय येत नाहीत.

भाच्याला हा वाद जुनाट वाटला. “मावशी, इंग्रजी स्पेलिंग मारायचं, मराठी आपोआप उमटतं. शिकायचं काहीच नाही.” त्यानं खुर्ची घेतली आणि अर्जातली ओळ भराभर मारली. ज्यांचा अर्ज होता ते काका चष्मा सावरत पडद्याजवळ आले. “बाळा, हे ‘शेतकर्यांना’ काय लिहिलंस? माझा शेतकरी मोडलास की.” भाच्यानं तीनदा स्पेलिंग बदललं, तीनदा रफारच आला. ‘ऱ्या’मधला तो आडवा र त्याला सापडेना. आणि ज्याला रोमन स्पेलिंग येतं त्यालाच हे सोपं, ही गोष्ट त्याच्या ध्यानातच आली नव्हती.

दुपारी २:००
भाकरी खाताना भाच्यानं लॅपटॉप उघडला. पडद्यावर विम, त्याचा प्रोग्राम लिहायचा एडिटर. मामांनी कौतुकानं एक बटण दाबलं, अक्षर उमटलं नाही. कर्सर एक ओळ खाली गेला.

“तुझं बटण बिघडलंय रे.”

“आजोबा, हा वेगळा मोड आहे. लिहायचं तर आधी आय दाबायचा.”

“लिहिण्याच्या यंत्रात लिहायची परवानगी मागायची?”

भाच्यानं मनापासून समजावलं. बिल जॉय यांनी १९७६ मध्ये विमचा पूर्वज व्हीआय लिहिला, तेव्हा त्यांच्या टर्मिनलवर बाणांच्या खुणा एच, जे, के, एल या बटणांवरच छापलेल्या होत्या. त्यावरून ही हालचाल आली. ब्रॅम मोलेनार यांचा विम १९९१ चा. उलट संगणकतज्ज्ञ लॅरी टेस्लर यांना मोड इतके नकोसे होते की त्यांच्या गाडीच्या नंबरप्लेटवरही ‘नो मोड्स’ होतं. कट, कॉपी, पेस्ट ही त्यांचीच देणगी. मी मध्येच त्या लॅपटॉपवर माझा मराठी कीबोर्ड सुरू केला आणि जे चं बटण दाबलं. जे वर इनस्क्रिप्टचा र आहे. विमला तो हुकूम कळला नाही, कर्सर जागचा हलला नाही.

“तुला हे यायला किती दिवस लागले?” मी विचारलं.

“एक सेमिस्टर. आता दुसरं काही हाताला रुचत नाही.”

मामांनी त्याच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली.

४:३०
टायपिंगच्या परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी आली. कुठली मांडणी शिकू? परीक्षेला जी चालते ती आधी विचारून घे, म्हटलं. पण जन्माची सोबत हवी तर इनस्क्रिप्ट. १९९१ च्या भारतीय मानकात ती आहे, विंडोजमध्ये फुकट मिळते, आणि के वर क असतो तो गुजराती, बंगाली, तमिळ मांडणीतही तिथंच. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. महिनाभर रोज तास दे.

मामांना मात्र मी बदलायला सांगणार नाही. त्यांची बोटं रेमिंग्टनच्या मांडणीवर फिरतात आणि खाली युनिकोडच उमटतो, हे आज शक्य आहे. कुणाचा हात मोडून त्याला ‘हे सोपं आहे’ म्हणणं मला पटत नाही. बनवणाऱ्यांनी मांडण्या सगळ्या द्याव्यात, साठवण एकच ठेवावी.

५:५०
मामांचा कॉम्प्युटर सुरू झाला. पॉवरची वायर ढिली होती. भाच्यानं काकांचा अर्ज माझ्या खुर्चीवर बसून पुन्हा लिहिला, बटणं मला विचारत. काकांनी ओळ दोनदा वाचली आणि सही केली.

तुम्हालाही ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द अडत असेल, तर त्यातला ‘ऱ्या’ इनस्क्रिप्टमध्ये असा येतो: शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ, मग ई.