बंद पडला की बंद केला?

मे महिन्यात आमच्या घरचा संगणक रोज दुपारी एकदा तरी फटकन बंद पडायचा. निळा पडदा नाही, सूचना नाही. मुलगा प्रोजेक्ट करत बसलेला, आणि अचानक स्क्रीन काळी, पंखा गप्प. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने फोनवरच निदान केलं, ‘‘व्हायरस असेल काका, फॉरमॅट मारू.’’ आपल्याकडे फॉरमॅट हा संगणकाचा काढा आहे, कशावरही देतात.

विंडोज बिघडलं की सहसा कुरकुरतं, अडकतं, निळा पडदा दाखवतं. वीज गेल्यासारखा क्षणात बंद पडणारा संगणक बहुतेकदा वेगळं काही सांगत असतो. एक तर त्याची वीज खरोखरच तुटलेली असते, नाहीतर जीव वाचवायला त्यानेच ती तोडलेली असते. विंडोजची नोंदवही, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, उघडली तर ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद सापडते. पुष्कळ जण ती पाहूनच घाबरतात. तिचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. मृत्यूची नोंद आहे, कारणाचा रकाना कोरा.

कारण शोधायला मला घड्याळ उपयोगी पडलं. बंद पडल्यावर लगेच चालू केला, तर दोन मिनिटांत पुन्हा बंद. अर्ध्या तासाने केला, तर तासभर निवांत. म्हणजे काहीतरी तापत होतं आणि निवत होतं.

प्रोसेसरमधला सिलिकॉनचा तुकडा जेमतेम नखाएवढा असतो, आणि घरगुती संगणकातही तो ६५ वॅटच्या आसपास उष्णता सहज सोडतो. जुन्या पिवळ्या बल्बएवढी! तापमान १०० अंश सेल्सियसच्या जवळपास गेलं, की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो. तेवढ्याने भागलं नाही तर मदरबोर्डला इशारा जातो आणि वीज तोडली जाते. हे सगळं विंडोजला न विचारता होतं, म्हणून सूचना दिसत नाही. ही सोय पूर्वी सगळीकडे नव्हती. २००१ मध्ये ‘टॉम्स हार्डवेअर’ या संकेतस्थळाने चालू प्रोसेसरवरचा हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, उचलून दाखवला होता. पेंटियम ४ मंदावला पण जगला; त्या वेळचा अ‍ॅथलॉन धूर सोडून गेला.

आमचा कॅबिनेट टेबलाच्या कप्प्यात, पाठ मागच्या फळीला टेकवून ठेवलेला होता. प्लग काढून झाकण उघडलं. पंखा वरून ठीक दिसत होता. तो सोडवल्यावर मात्र त्याच्याखाली, हीटसिंकच्या पात्यांवर, धुळीची करडी गादी निघाली. नखाने टोक धरून ओढली तर अखंड सोलून आली. पंखा इतके दिवस त्या गादीवरच वारा घालत होता. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळलेल्या चुन्यासारखी तडकली होती. दोन धातू कितीही घट्ट टेकवले तरी त्यांच्यात सूक्ष्म फटी राहतात, त्या फटींत हवा असते, आणि हवेतून उष्णता अगदी नाखुशीने जाते. पेस्ट ती हवा हुसकावते. पुसून मटाराच्या दाण्याएवढी नवी लावली. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवली, नाहीतर ती वाऱ्याने गरगरतात आणि बेअरिंग खराब होतं. एसएमपीएसची, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागाची, धूळ बाहेरूनच उडवली. त्याचा डबा घरी उघडायचाच नसतो, कारण प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्ट टिकून असू शकतात.

खेळ चालू असताना दिसणारं तापमान ९८ वरून ७१ अंशांवर आलं. मी घरात जरा मिरवलोही.

जूनमध्ये पहिल्या वळवाला संगणक पुन्हा बंद! या वेळी मात्र तो थंडगार होता, आणि बटण दाबताच चालू झाला. घरातले दिवेही त्याच क्षणी लुकलुकले होते. वीज गेली तर एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर साधारण सेकंदाच्या पन्नासाव्या-साठाव्या भागाएवढा तग धरतो; तेवढ्यात यूपीएसने भार उचलायचा असतो. संगणक बाजूला ठेवून यूपीएसला टेबललॅम्प लावला आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. एकदा ‘टीं’ झालं आणि दिवा विझला. आतली १२ व्होल्टची बॅटरी चार वर्षांची होती. अशा बॅटऱ्या दोन-तीन वर्षांतच थकतात.

नवी बॅटरी बसवली. हवा खेळावी म्हणून टेबलाच्या कप्प्याची मागची फळीही करवतीने कापून काढली, त्यावरून घरात अजून ऐकून घ्यावं लागतं.