नर्मदेच्या फुगवट्यावरचा दवाखाना

धुळ्या-जळगावच्या माणसाला समुद्र म्हणजे मुंबईला गेल्यावर बघायची गोष्ट. भर पाण्यात, छोट्या होडीत कुणाचा जीव धोक्यात आला तर काय करायचं, हा प्रश्न त्याला कोळीवाड्यातला वाटतो. पण जुन्या धुळे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला तो घरचाच प्रश्न आहे. अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके १ जुलै १९९८ रोजी नव्या नंदुरबार जिल्ह्यात गेले. सरदार सरोवराच्या फुगवट्याने महाराष्ट्रातली जी ३३ गावं बाधित झाली, ती याच दोन तालुक्यांतली. मणिबेली, चिमलखेडी, डोमखेडी, निमगव्हाण अशा गावांचे काही पाडे सातपुड्याच्या उतारांवर टिकून आहेत. तिथल्या अनेक घरांची दवाखान्याची वाट पाण्यावरून जाते.

हे पाणी एका पातळीवर थांबत नाही. धरणाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर, तर नियोजनातली किमान पातळी ११०.६४ मीटर. म्हणजे फरक जवळजवळ नऊ मजली इमारतीएवढा. पावसाळ्यानंतर जिथे होडी टेकते, तिथे उन्हाळ्यात चिखल आणि उघडा उतार असतो. पेशंटला बांबूच्या झोळीत घालून खाली आणायचं, चिखल तुडवत होडीत ठेवायचं, पलीकडे पुन्हा झोळी, मग जीप, मग धडगाव किंवा मोलगीचं ग्रामीण रुग्णालय. गुंतागुंत असेल तर पुढे नंदुरबार, प्रसंगी धुळे. या साखळीत होडीचा टप्पा सर्वांत अवघड, कारण तिथे ना वेग वाढवता येतो, ना मध्येच थांबता येतं. अनेक ठिकाणी मोबाईलला रेंजही नसते.

म्हणून पहिला नियम होडीचाच. पेशंटला मधोमध, तळाच्या फळ्यांवर, होडीच्या लांबीच्या दिशेने निजवायचं. सोबत एक जाणता माणूस पुरे. बाकीच्यांनी बसून राहायचं, काळजीपोटी सगळ्यांनी एका बाजूला झुकायचं नाही. लाइफ जॅकेट सर्वांना हवं, आणि झोळी होडीला बांधून टाकायची नाही. १५ जानेवारी २०१९ रोजी संक्रांतीच्या पूजेला निघालेल्या माणसांनी खच्चून भरलेली बोट भुषा गावाजवळ नर्मदेत उलटली आणि त्यात लहान मुलंही दगावली. एका पेशंटसाठी दहा नातेवाईक होडीत चढतात, तेव्हा हे आठवावं.

बुडालेल्याला बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढण्याची जुनी सवय घातक आहे. श्वास बंद असेल तर आधी तोंडाने पाच श्वास द्यायचे. मग छातीच्या मधोमध ३० दाब, दोन श्वास, पुन्हा ३० दाब. मोठ्या माणसाची छाती पाच-सहा सेंटिमीटर दबली पाहिजे, वेग मिनिटाला १०० ते १२०. खाली गोधडी असेल तर आधी काढावी. मऊ अंथरुणावर दाबाचा जोर फुकट जातो.

सर्पदंशात पेशंटला चालू द्यायचं नाही. चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा काठीच्या आधाराने स्थिर करायचा. करकचून दोरी आवळायची नाही, ब्लेडने चिरायचं नाही, तोंडाने विष ओढायचं नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच प्रतिविष चालतं, पण ते रुग्णालयातच द्यायचं असतं. भगताकडे गेलेला वेळ रुग्णालय गाठायच्या वेळातूनच वजा होतो.

सगळ्यात कसोटी बाळंतपणात. अडलेल्या बाईला पाठीवर उताणी निजवली तर गर्भाशयाच्या वजनाने मोठी रक्तवाहिनी दबते, म्हणून डाव्या कुशीवर ठेवायचं. बाळ होडीतच जन्मलं तर त्याला पुसून कोरडं करायचं आणि आईच्या उघड्या छातीवर ठेवून दोघांना मिळून पांघरूण घालायचं. अर्ध्या लिटरहून जास्त रक्त गेलं तर धोका. तेव्हा सिस्टर पोटावरून गर्भाशय चोळून घट्ट करते, बाळाला अंगावर लावते. रक्तस्राव थांबवणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनला दोन ते आठ अंश थंडावा लागतो. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांना फ्रीज लागत नाही. होडीतल्या औषधपेटीत त्यांचं मोल म्हणूनच मोठं.

नर्मदेवर आरोग्य खात्याचे तरंगते दवाखानेही फिरतात. पण बोट दूर असेल तेव्हा सल्ला तरी मिळायला हवा, आणि ही कल्पना जुनी आहे. १९३५ साली रोममध्ये डॉक्टर गुइडो गुइडा यांच्या पुढाकाराने एक केंद्र उभं राहिलं. जहाजावर डॉक्टर नसेल तर तिथले डॉक्टर रेडिओवरून फुकट सल्ला देऊ लागले. आपल्या किनाऱ्यावर मच्छीमाराला तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे, बोटीवर व्हीएचएफ रेडिओचं १६ नंबरचं चॅनेल आहे. सातपुड्यातल्या प्रत्येक प्रवासी बोटीवर असा एक संच असेल, तर पलीकडच्या काठावर रुग्णवाहिका आधीच येऊन थांबेल.

तरीही पाण्यावरचे बरेच प्रसंग काठावरच टाळता येतात. माहेरघर योजनेत गरोदर बाईला तारखेच्या काही दिवस आधी आरोग्य केंद्राजवळ राहता येतं, त्यामुळे कळा सुरू झाल्यावर होडी शोधावी लागत नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये चिमलखेडीच्या अंगणवाडीसेविका रेलू वसावे स्वतः होडी वल्हवत आलीघाट आणि दादरच्या पाड्यांवर गेल्या, बाळांची वजनं केली, आहार पोचवला. वजन घटलेलं मूल वेळीच सापडलं, तर ते झोळीत घालून आणायची पाळी सहसा येत नाही.

अंगणवाडीताईच्या त्या फेरीलाही तातडीची सेवाच म्हणायला हवं. तिच्यासाठी बोट, डिझेल आणि लाइफ जॅकेट मागताना सरकारी फाईलवर ‘तातडीचे’ असा शेरा मारायला कुणी कचरू नये.