गंजाने जखडलेली ब्रेक डिस्क आणि चाकाचा हब : सोडवण्याची सुरक्षित पद्धत

13 जुलै 2023 रोजी दिल्लीतील जुन्या रेल्वे पुलाजवळ यमुनेची पातळी 208.66 मीटरवर पोहोचली. 1978 मधील 207.49 मीटरचा विक्रम आदल्या दिवशीच मागे पडला होता. नदीकाठच्या सखल पट्ट्याला, ज्याला तेथे खादर म्हणतात, पुराने वेढले आणि भाजीपाल्याची शेते पाण्याखाली गेली. पिकांच्या हानीची चर्चा पुष्कळ झाली. त्यामानाने एका नुकसानीकडे सहसा लक्ष जात नाही. पुरात उभी राहिलेली पिकअप, ट्रॅक्टर वा ट्रॉली वरून धुऊन स्वच्छ दिसते, इंजिनही सुरू होते; परंतु चाकाच्या हबमध्ये शिरलेले पाणी व गाळ तेथेच राहतो. काही महिन्यांनी ब्रेकचे काम निघते, तेव्हा डिस्क हबवरून निघता निघत नाही.

हा प्रश्न केवळ पूरग्रस्तांचा नाही. ओतीव लोखंडाची डिस्क हबच्या मधल्या उंचवट्यावर अगदी घट्ट बसवलेली असते. त्या अरुंद फटीत गंज धरतो आणि गंज मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापत असल्याने तो पाचरीसारखे काम करतो. खतांची वाहतूक करणाऱ्या गाड्यांत ही क्रिया अधिक वेगाने होते, कारण सांडलेले म्युरिएट ऑफ पोटॅश वा अमोनियम सल्फेट ओलाव्यात विरघळून धातूला खाते. त्यातच एक सवय भर घालते. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवली जाते आणि मागच्या ड्रमला ब्रेक-शू चिकटून बसतात.

या विषयाला दिल्ली परिसराचा आणखी एक संदर्भ आहे. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांवर हरित लवादाने 2015 मध्ये बंदी आणली, ती सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये कायम केली आणि 2025 मध्ये हा विषय पुन्हा न्यायालयासमोर आला. परिणामी तेथील जुनी पिकअप वाहने ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन अन्य राज्यांत विकली जातात. किंमत कमी असते, म्हणून आपल्याकडील शेतकरी बांधवांना ती आकर्षक वाटतात. असे वाहन पाहताना इंजिनाइतकेच लक्ष चाकांकडे द्यावे. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवावे. वर व खाली धरून हलवावे. खरखर किंवा ढिलेपणा जाणवला तर बेअरिंग संपलेले समजावे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. या कामातील अपघात बहुधा हातोड्याने होत नाहीत, गाडी जॅकवरून घसरल्याने होतात. म्हणून सुरुवातीसच थोडे थांबावे. वाहन सपाट व टणक जमिनीवर घ्यावे. शेतातील मऊ मातीत हे काम करू नये, आणि अन्य पर्यायच नसेल तर जॅकखाली जाड लाकडी फळी घ्यावी. उरलेल्या चाकांना पुढून व मागून गुटके लावावेत. चाकाचे नट चाक जमिनीवर असतानाच थोडे ढिले करून मग गाडी उचलावी. उचलल्यावर ती लोखंडी स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातही घालू नये. विटांचा थर हा स्टँडला पर्याय नव्हे, तो ठोक्याने फुटतो.

चाक काढल्यावर कॅलिपर सोडवून तारेने वर टांगून ठेवावा. तो ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळू दिल्यास नळी आतून फाटते व ते बाहेरून दिसत नाही. त्यानंतर कॅलिपरचा ब्रॅकेट काढावा. तो तसाच राहिला तर डिस्क कधीच निघणार नाही, तरी घाईत तो अनेकदा विसरला जातो. डिस्कला हबशी धरणारा छोटा स्क्रू असल्यास तोही पाहावा.

गंज सोडवणारे तेल मधल्या गोल फटीत व प्रत्येक स्टडभोवती सोडून किमान अर्धा तास थांबावे. रात्रभर ठेवता आले तर उत्तमच. पुढे अनेक डिस्कवर दोन आटे पाडलेली छिद्रे असतात, ती याच कामासाठी आहेत. योग्य मापाचे दोन बोल्ट त्यांत आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळले की डिस्क सरळ बाहेर ढकलली जाते. एकच बोल्ट आवळत गेल्यास ती तिरपी होऊन अधिक जखडते. छिद्रे नसतील तर डिस्कच्या मधल्या टोपीवर, स्टडांच्या मधल्या जागेत, हातोड्याने ठोके द्यावेत आणि दर दोन-तीन ठोक्यांनंतर डिस्क फिरवावी. ठोके जोरदार असण्यापेक्षा चौफेर असणे महत्त्वाचे. डिस्क पुन्हा वापरायची असेल तर तिच्या घर्षणपृष्ठावर एकही ठोका पडता कामा नये. तिच्यावर किमान जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. ती तेवढीच उरली असेल तर जपण्याचा प्रश्नच नाही.

ज्योत लावून सोडवण्याचा मोह आवरावा. उष्णतेने हबचे सील व ग्रीस जळते आणि बेअरिंग निकामी होते. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारलेल्या भागाला ज्योत लागल्यास तर अतिविषारी वायू तयार होतो. ब्रेकची धूळही हवेच्या दाबाने उडवू नये, कारण जुन्या ब्रेक-शूमध्ये ॲसबेस्टॉस असू शकते. ती ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

मागच्या ड्रमचे तंत्र थोडे वेगळे आहे. हँडब्रेक पूर्ण सोडावा आणि मागच्या पत्र्यातील छिद्रातून ॲडजस्टर उलटा फिरवून शू आत घ्यावेत. झिजलेल्या ड्रमच्या काठावर कड तयार झालेली असते आणि शू त्या कडेला अडकतात. ही अडचण गंजाची नसते, पण गंज समजून ठोकत राहिल्याने ड्रम तडकतो.

ट्रॉली व ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांचा हब बहुधा दोन टेपर बेअरिंगवर असतो. टोपी, काटा पिन, नट व वॉशर काढल्यावर बाहेरचे बेअरिंग हाती येते आणि हब बाहेर ओढता येतो. ग्रीस दुधाळ दिसल्यास पाणी शिरले आहे हे निश्चित. आतील बेअरिंगचे कडे धुरीवर जखडले असेल तर पुलर वापरावा. बेअरिंगच्या पोलादावर हातोडा थेट मारू नये. ते कठीण व ठिसूळ असल्याने त्याची कपची उडून डोळ्यात जाते. गॅसकटरने कडे कापताना धुरीलाच खाच पडली, तर दोनशे-तीनशे रुपये वाचवण्याच्या नादात धुरी बदलण्याची वेळ येते. माझ्या मते या टप्प्यावर काम कुशल कारागिराकडे सोपवावे.

जोडणी करताना हबचा उंचवटा तारेच्या ब्रशने चकचकीत करून त्यावर गंजरोधक लेपाचा अगदी पातळ थर द्यावा. डिस्कच्या घर्षणपृष्ठाला त्याचा स्पर्शही होऊ नये. टेपर बेअरिंगमध्ये नवे ग्रीस भरून चाक फिरवत नट आवळावा, मग चाक मोकळे फिरेल इतका ढिला करून नवी काटा पिन घालावी. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, उत्पादकाने दिलेल्या मापाला आवळावेत. गाडी हलवण्यापूर्वी ब्रेक पेडल टणक होईपर्यंत दाबावे, कारण मागे सरकलेला पिस्टन पहिल्या दाबाला जागेवर येत नाही. सुमारे 50 किलोमीटर चालवल्यावर नट पुन्हा तपासावेत आणि त्याच वेळी हबजवळ हात न्यावा. एकच हब इतरांपेक्षा अधिक तापलेला आढळल्यास ते चाक पुन्हा उघडावे.